येते म्हणून गेलेली

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोरांना गृहपाठ देणारी मी, आज मलाच गृहपाठ मिळाला. हॉस्पिटलात संयोगिता नावाची एक मुलगी आहे. स्मृतिभ्रंशाचे पेशंट आणि त्यांना सांभाळणारी माणसं, एवढंच तिचं काम. केसांत पेन्सिल खोचून वॉर्डभर फिरते. मला म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा ताई, मन मोकळं होतं. माझं मन तुंबलंय हे हिला कुणी सांगितलं? तरी क्लासमधली एक चौकटींची वही उचलून आणली. दहावीच्या पोरांना भूमिती शिकवून शिकवून चौकटीत लिहायची सवय झालीय.

तर आप्पा शनिवारी पहाटे उचगावच्या घरात पडले. दाराची वरची कडी काढायला स्टुलावर चढले होते. वेळी-अवेळी उठून दार उघडून बघायचं हे त्यांचं जुनंच, म्हणून तर मी वरची कडी बसवून घेतली होती. खुबा मोडला. उद्या ऑपरेशन. राजारामपुरीतलं हे हॉस्पिटल क्लासपासून जवळ, एवढाच काय तो दिलासा.

आणखी काय लिहायचं असतं? थकलेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऑपरेशन नीट झालं म्हणे. माणूस मात्र होता तेवढाही राहिला नाही. घरी निदान दिवसातून एकदा तरी मला 'आक्के' अशी हाक मारायचे. आज माझ्याकडे बघून म्हणाले, "ओ बाई, शिट्टी झाली का?"

बाई! क्लासमधली कार्टीसुद्धा मला बाई म्हणत नाहीत, मॅम म्हणतात.

आप्पा एसटीत कंडक्टर होते हे वॉर्डात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो ना, ती शिट्टी. त्यामुळे आप्पांनी विचारलं की वॉर्डबॉय मामा म्हणतात, झाली की अण्णासो, येऊ द्या मागं. सगळे हसतात. मीही हसले. आप्पा हसत नाहीत. ते पुन्हा विचारतात.

शेजारच्या कॉटवर शिरोळचे गणपतराव आहेत. त्यांचंही डोकं आप्पांसारखंच झालंय, शिवाय छातीत पाणी. बायको धोंडुबाई त्यांच्या पायाशी बसून असते. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना मुक्काम करू देत नाहीत, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात चटई टाकते. मी संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाते. धोंडुबाईनं मला विचारलं, तुला नवरा न्हाई व्हय? नाही म्हटलं, होता. बरं झालं, म्हणाली, एकालाच बघाय लागतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गेले तर आप्पांचे दोन्ही हात कॉटच्या दांड्यांना बांधलेले. पट्टीनं. मनगटं लाल झालेली.

मी सिस्टरशी भांडले. खूप बोलले, नको तेही बोलले. ती बिचारी ऐकून घेत होती. मी गेल्यावर आप्पा दांडीवरून पाय टाकतात, उतरून दाराकडे निघतात. दोनदा पकडलं म्हणाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा पडले तर दुसरं ऑपरेशन त्यांच्या जिवाला झेपायचं नाही. शांत पडून राहिले, चार घास पोटात गेले, तर हात सोडू आणि घरीही नेता येईल. नाहीतर बांधावंच लागेल.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणापुढं मान तुकवली नाही, त्याला असं बांधून ठेवायचं. आप्पांना सोडवून घरी न्यायचं, मला दुसरं काही नको. आणि एकदा माझं नाव. एवढंच.

निघताना मी सवयीनं म्हणाले, "येते हं आप्पा." तर ते चटकन म्हणाले, "ये." दिवसभरातला हा एकच शब्द जागेवर पडला. घरी पोहोचेपर्यंत तोच आठवत होते. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, ट्रॅक्टरवर गाणी ठो ठो लावलेली, आणि मी मागं एकटीच हसतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खात नाहीत. मऊ भात नेला, दूध-भाकरी कुस्करून नेली, पिठलं नेलं. तोंड घट्ट मिटून घेतात. जरा वेळानं म्हणतात, "अजून न्हाई का?" काय अजून नाही, विचारलं तर दाराकडे बघतात.

आज संयोगितानं खनपटीलाच बसून घरचं सगळं विचारलं. स्वयंपाक कोण करायचं, आप्पा घरात काय करायचे, आई कशी होती. मला राग आला. आईचा इथं काय संबंध? तरी सांगितलं, म्हणजे एकदाचं संपेल.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. मे महिना. आईला धाप लागली म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली. आपल्या पायांनी चालत जाऊन बसली. चुलीवर कधी काही उतू जाऊ दिलं नाही तिनं, त्या दिवशीसुद्धा दारातून मागं वळून आप्पांना म्हणाली, "दोन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. येते मी." त्यानंतर ती परत आली नाही. चौथ्या दिवशी फोन आला. घरी आणूच दिलं नाही, माझ्या धाकट्या भावानं, प्रसेनजीतनं, लांबून पाहिलं तेवढंच. आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. विसरणं त्यानंतर सुरू झालं, पण डॉक्टर म्हणतात मेंदूच आकसलाय, दुःखाचा काही संबंध नाही.

संयोगितानं केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. मी म्हटलं, बाई गं, हे ऐकून आप्पा जेवणार आहेत का? ती म्हणाली, माहीत नाही ताई.

माहीत नाही, तर विचारायचं कशाला?

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मी शहाणपणा केला, तो असा.

आप्पा कंडक्टर. गाडी सुटत नाही म्हणून अस्वस्थ. मग गाडी सोडून द्यावी की! किती सोपं उत्तर, आणि इतक्या लोकांना सुचलं नाही, असं मला वाटलं. त्यांनी "शिट्टी झाली का?" विचारल्याबरोबर मी स्टीलच्या ग्लासवर चमचा दोनदा वाजवला आणि मोठ्यानं म्हटलं, "डबल बेल! सुटली गाडी." मामांनी टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईसुद्धा हसली.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. बांधलेले हात ओढायला लागले. "सुटली? आन ती? ती यायचीया की अजून. थांबीव. ए, थांबीव की!" कोण यायचीय, मी विचारत राहिले. त्यांना सांगता येईना. पट्टी मनगटात रुतली, सुई निसटली, चादरीवर रक्त. शेवटी इंजेक्शन द्यावं लागलं.

कुठल्या जन्मीची कोण प्रवासी बाई मागं राहिलीय आणि तिच्यासाठी हा माणूस जीव टाकतोय! तिकीट काढून खाली उतरली असेल कुठेतरी पाणी प्यायला. मी इथं समोर बसलेय ती दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालू. नळी घातली की हात सुटायचा प्रश्नच नाही, कारण हे लोक ती उपसून काढतात. भावाशी बोलून घ्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संयोगितानं चार दिवस नजर ठेवली होती म्हणे. आप्पा दिवसभर बरे असतात, मी निघाले की खवळतात. "ताई, निघताना तुम्ही काय म्हणता?"

काय म्हणणार? येते.

"तेच तर. ते खरं मानतात आणि तुमची वाट बघत बसतात. झोपायला तयार नाहीत, जेवायला तयार नाहीत. 'येते' म्हणू नका. 'जाते' म्हणून बघा."

धोंडुबाई पलीकडून ताडकन उठली. "दवाखान्यात असं बोलत्यात व्हय कुणी? लेकरा, तुला काय आयबाप हाय का न्हाई?" संयोगिताचे कान लाल झाले. तिचीही आजी घरी असलं बोलू देत नसणार. बोलून गेली आणि तिलाच ते सोसेना.

मला मात्र चेव आला. आमचं घर असलं मानणारं नाही. मांजर आडवं गेलं की आप्पा मुद्दाम पुढं जायचे आणि आम्हा दोघांनाही न्यायचे. शुभ-अशुभ काही नसतं, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. हां, ड्युटीवर निघताना तेही 'येतो' म्हणूनच निघायचे, पण ती आपली बोलायची रीत.

संध्याकाळी पिशवी उचलली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाते, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि मान वळवली. खवळले नाहीत. धोंडुबाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन भात टाकला आणि खाल्ला नाही. माझी वाट बघत होते तर 'बरं' इतकं पटकन कसं म्हणाले?

२९ नोव्हेंबर, शनिवार

गणपतराव गेले. पहाटे.

मी पोहोचले तेव्हा कॉट रिकामी होती, गादी उभी करून ठेवलेली. धोंडुबाई व्हरांड्यात चटई गुंडाळत होती. मुलगा कागदपत्रांच्या रांगेत. मी तिच्याजवळ बसले. छातीत पाणी होतं, वय झालं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे सगळं मला ठाऊक आहे आणि तिलाही.

ती म्हणाली, "तुझ्या बोलण्यानं गेलं न्हाईत गं ते. पर तू तसं बोलाय नगं हुतंस."

मग आत गेली, सगळ्या कॉटवरच्यांना हात जोडले. आप्पांपुढे थांबून म्हणाली, "येते हं अण्णा." रडता रडता सवयीनंच म्हणाली. आप्पा म्हणाले, "ये." आणि ती गेल्यावर दिवसभर दाराकडे बघत राहिले. रात्री सोडलेले हात संध्याकाळी पुन्हा बांधले.

म्हणजे फक्त माझ्यासाठी नव्हे. कुणीही बाई 'येते' म्हणाली की ते वाट बघतात. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, गणपतरावांपेक्षा याचंच जास्त वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार

आता मी 'येते' म्हणत नाही आणि 'जाते'ही म्हणत नाही. त्यांचं लक्ष नसताना पिशवी घेऊन सटकते. वडिलांच्या कॉटजवळून चोरासारखी.

३ डिसेंबर, बुधवार

प्रसेनजीतचा पुण्याहून फोन. परवा येतोय. शनिवारी नळी घालायला त्याची हरकत नाही. नंतर आप्पांना पुण्याला अशा लोकांच्या कुठल्या संस्थेत ठेवावं असंही त्याच्या मनात आहे. स्वच्छ आहे म्हणे, बाग आहे. मी म्हटलं, तिथं दार आहे का? तो म्हणाला, असं काय बोलतेस ताई. खरंच, मी असं का बोलले कुणास ठाऊक.

आप्पांची गालफडं आता पार बसलीत. आज फक्त दोन चमचे पाणी.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजच लिहिते.

प्रसेनजीत दुपारी आला. आम्ही हॉस्पिटलात जाऊन आलो, आप्पांनी त्यालाही "पावणं, जरा दार बघा की" म्हटलं. तसं कोल्हापुरात कुणीही कुणालाही पावणं म्हणतं, म्हणून तो हसला, आणि बाहेर येऊन जिन्यात रडला. घरी आलो. मी कुकर लावला. दूध नव्हतं म्हणून पिशवी घेतली, चप्पल घातली आणि दारातून मागं वळून त्याला म्हणाले, "दोन शिट्ट्या झाल्या की बंद कर. येते मी."

म्हणाले आणि तिथंच थांबले. प्रसेनजीत मोबाईलवरून मान वर करून माझ्याकडे बघत होता. "आई," म्हणाला. एवढंच.

कुकरची पहिली शिट्टी झाली. आम्ही दोघं हललो नाही. दुसरी झाली. तिसरीही झाली. भात करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यानं उठून गॅस बंद केला.

एसटीची नव्हतीच ती शिट्टी. तीन आठवडे मी त्यांच्यापुढे गाड्या सोडत होते, ग्लास वाजवत होते. ते चार वर्षांपासून दारात उभे आहेत. मी वरची कडी बसवली आणि ते स्टुलावर चढले. सगळं मी माझ्या हातानं या वहीत लिहून ठेवलंय, चोवीस तारखेला. मला दिसलं नाही. संयोगिताला दिसलं असेल का? आणि तिनं तरी काय सांगायचं?

प्रसेनजीत म्हणतो, उद्या आपण त्यांना समजावून सांगू, आई नाही म्हणून. मी म्हटलं, एकदा सांगितलं होतं ना. त्यांनी मान हलवली होती.

६ डिसेंबर, शनिवार

हे वॉर्डातच बसून लिहितेय.

आज महापरिनिर्वाण दिन. दरवर्षी आजच्या दिवशी आई पांढरी साडी नेसायची, निळ्या काठाची. मी ती ट्रंकेतून काढली आणि नेसले. पांढरं तर नेसायचंच होतं, असं मी प्रसेनजीतला सांगितलं, पण माझ्या मनात काय होतं ते त्याला कळलं होतं. वस्तीतल्या वंदनेला थांबलो नाही. त्यानं स्कूटीवर मागं बसून डबा मांडीवर धरला.

वॉर्डाच्या दारात संयोगिता भेटली. साडीकडे बघून ती दारातून बाजूला झाली. डॉक्टर नळीचं सामान घेऊन यायचे होते. मी आत गेले. आप्पा दाराकडेच तोंड करून पडले होते, हात दांड्यांना.

मी म्हणाले, "आले."

ते बघत राहिले. मला वाटलं आता 'बाई' म्हणतील. त्यांचे ओठ हलले.

"किती उशीर गं, शालन."

"गर्दी हुती," मी म्हणाले. आईसारखं बोलायला मला जमेल असं वाटलं नव्हतं. आपोआप आलं.

"कुकर बंद केला म्या. दोनच शिट्ट्या हुऊ दिल्या. भात लागला न्हाई."

"बरं केलासा."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि आम्ही दोघींनी मिळून पट्ट्या सोडल्या. आप्पांनी मनगटं चोळली. मी डबा उघडला, भातावर आमटी घातली. त्यांनी तोंड उघडलं. पहिला घास, दुसरा, मग स्वतःच हात पुढे केला. डॉक्टर दारापर्यंत आले, बघितलं आणि परत गेले. प्रसेनजीत व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला रडू येत होतं आणि आनंदही झाला होता, इतका की आमटी चादरीवर सांडली. तू जेवलीस का, असं त्यांनी मला विचारलं. आईला ते रोज विचारायचे.

निम्मा डबा झाला. तोंड पुसलं. आता पडतील, झोपतील, मी त्यांना उशी नीट करून देत होते. तेव्हा त्यांनी माझ्या मागं, इकडे तिकडे पाहिलं.

"आक्की कुठं हाय?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझं नाव. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकलेली, माझा हात त्यांच्या मानेखाली. मीच की आप्पा, हे शब्द दातापर्यंत आले होते. पण मी आक्की झाले तर शालन पुन्हा ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसणार. नुकतीच आलेली, चार वर्षांनी.

दुसरं काय म्हणतात असं विचारल्यावर? आपल्यात एकच म्हणतात. तोंडून निघून गेलं.

"येती म्हणालीया."

"एकटीच गेली?" ते म्हणाले. "मग तिला ठीव त्यातला. समदा संपवू नगं." डबा त्यांनी हातानं माझ्याकडे सरकवला, दांडीला धरून मान उचलली आणि दाराकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्ही पडा जरा. "तू पड," म्हणाले. "मी बसतो. पोरगी येस्तवर मला झोप न्हाई लागायची."

सिस्टर दोनदा येऊन गेली. अजून हात बांधलेले नाहीत, संध्याकाळी बघू म्हणाली. प्रसेनजीत आत येऊन स्टुलावर बसलाय. मी कॉटच्या कडेला. उरलेल्या भातावर झाकण घालून ठेवलंय. आम्ही तिघंही दाराकडे बघत बसलोय.